हाफ क्लच

नाना पडतात ते नेहमी उभ्या गाडीवरून. चालत्या गाडीवरून पडायचं तर ती आधी चालावी लागते, आणि तो योग नानांच्या पत्रिकेत बरेच दिवस नव्हता. गाडी थांबते, नाना डावा पाय टेकतात, गाडी उजवीकडे कलते, आणि मग दोघं मिळून इतक्या सावकाश आडवे होतात की बघणाऱ्याला हातातला चहा खाली ठेवून, चपला शोधून, पायात घालून धावत जायला वेळ मिळतो. नाना उठतात, गुडघे झटकतात आणि जमलेल्यांना सांगतात, "पडली नाही. ठेवली."

असा एक नाना हल्ली बऱ्हाणपुरात प्रत्येक वॉर्डात निघेल. साठी उलटलेली, फंडाचे पैसे हातात आलेले, मुलगा पुण्याला नाहीतर इंदूरला, आणि दारात नवी कोरी बुलेट, काळी, टाकीवर सोनेरी रेघा. कुणाचा नाना पॉवरलूमवाला असतो, कुणाचा केळीतला व्यापारी. आमचे नाना मास्तर. त्यामुळे त्यांचं पडणंसुद्धा अभ्यासक्रमाला धरून असतं. ते शनवारा दरवाजापाशी पडले, गांधी चौकात जामा मशिदीसमोर पडले, राजघाटाकडे उतरताना शाही किल्ल्याच्या भिंतीशी पडले, लालबागेकडे कुंडी भंडाऱ्याच्या वाटेवर पडले, आणि तापी ओलांडून जैनाबादला गेले तर आहुखान्याच्या अलीकडे पडले. नानांच्या पडण्याच्या जागा जोडत गेलात तर पुरातत्त्व खात्याला वेगळा नकाशा छापायला नको.

हा योगायोग नव्हे. त्याला कारण आहे आणि ते उस्तादनं शोधून काढलं. पण उस्ताद पुढे येईल. आधी नाना.

नानांनी इथल्या एका सरकारी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवलं. त्या विषयात भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र सगळं येतं. नाना ते शनिवारच्या अर्ध्या दिवसात उरकायचे आणि बाकीचे पाच दिवस इतिहास. पुस्तक क्वचितच उघडायचे. बऱ्हाणपूरच्या इतिहासाच्या मास्तराला वर्गाची खिडकी पुरते. थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये इथे येऊन शाहजादा परवेझला कसा भेटला, हे नाना त्या दोघांच्या मधोमध उभं राहून सांगायचे. त्याच साली कुंडी भंडाऱ्याचं काम झालं, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावापर्यंत आणलं, आणि तुम्हाला पोरांनो नळ बंद करता येत नाही! मुमताजमहलवर तर त्यांचा खास राग. म्हणजे तिच्यावर नाही, आग्र्यावर. "बाई गेल्या इथे, १६३१ साली. सहा महिने विसावल्या इथे, जैनाबादला. आणि तिकीट खिडकी आग्र्याला!"

घरात मराठी, बाजारात हिंदी आणि पडल्यावर जी आधी तोंडात येईल ती, अशी नानांची भाषाव्यवस्था. ती या गावातल्या सगळ्या मराठी घरांची आहे. नानांचं वेगळेपण दुसरीकडे. जन्मभर त्यांनी शिकवलं, आणि शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर जे येईल ते त्याला आधीपासून येत असतं. मोबाइल आला, नानांना येत होता. यूपीआय आलं, नानांना येत होतं, फक्त पैसे जात नव्हते. बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांनी बुलेट घेतली, तीही त्यांना येत होती.

एका अर्थी खरंच येत होती. नानांच्या तरुणपणी गावात बुलेट मोजक्याच. एक ठाण्यात, एखाद-दुसरी केळीवाल्या पाटलांकडे, आणि एक रावेरहून येणाऱ्या कंत्राटदाराची. तेव्हाची बुलेट चालू करणं हा विधी होता आणि नानांनी तो फाटकात उभं राहून नुसता बघून पाठ केला होता. किल्ली लावायची. हेडलाइटच्या डोक्यावरच्या चिमुकल्या अँपिअर मीटरकडे बघत किक हलकेच दाबायची. काटा मधोमध आला की थांबायचं. हँडलजवळची बारीक कळ दाबून पिस्टनची कोंडलेली हवा सोडायची, किक केसभर पुढे न्यायची, कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग सगळं अंग टाकून एकच लाथ. जमलं तर चौकापर्यंत ऐकू जायचं. चुकलं तर किक उलटी यायची आणि नडगीवर असा प्रसाद मिळायचा की ठाणेदारसाहेबसुद्धा लंगडताना दिसायचे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे बाकी सगळ्या गाड्यांच्या उलटं. हे सगळं नानांना तोंडपाठ होतं. फक्त गाडी नव्हती.

त्यांच्या वडिलांचं मत पडलं की मास्तरानं मास्तरासारखं राहावं, म्हणून बजाज चेतकचा नंबर लावला. तो लागायला त्या काळी वर्षं जायची. नंबर लावला तेव्हा नानांचं लग्न व्हायचं होतं. स्कूटर दारात आली तेव्हा पुढे उभं राहायला मुलगा तयार होता. पुढे कित्येक वर्षं नाना त्या चेतकवर डावं मनगट पिळून गिअर टाकत शाळेत गेले आणि मनातल्या मनात किक मारत राहिले.

बुलेटचा इतिहासही त्यांना पाठ. १९५५ पासून मद्रासला ही गाडी बनायला लागली. इंग्लंडातल्या रेडिचच्या मूळ कंपनीचा गाशा १९७० मध्ये गुंडाळला गेला, मद्रासची चालूच राहिली, आणि १९७७ पासून इकडची गाडी तिकडे विकायला जाऊ लागली. हे सांगताना नाना 'आपण' म्हणतात. "सत्त्याहत्तर साली आपण इंग्लंडला गाड्या पाठवायला लागलो." सत्त्याहत्तर साली नाना अकरावीत होते.

मुलानं फोनवर सुचवून पाहिलं होतं, "नाना, इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, हलकी असते." नानांनी त्याला पानिपत सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याची मीटिंग निघाली.

गाडी आणायला आम्ही चार-पाच जण गेलो होतो. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, दराबा वाटला. शोरूमचा पोरगा माहिती द्यायला लागला, तर नानाच त्याला द्यायला लागले. "तीनशे एकोणपन्नास सीसी. जुनी तीनशे सेहेचाळीस होती. वजन एकशे पंच्याण्णव किलो. टॉर्क सत्तावीस न्यूटन मीटर." पोरगा मान डोलवत राहिला. मग नाना वाकून गाडीच्या उजव्या अंगाला काहीतरी शोधू लागले. पुढून शोधलं, मागून शोधलं.

"किक कुठंय?"

"सर, अब नहीं आती. सेल्फ है."

नानांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं पाठ करून ठेवलेल्या उत्तराचा प्रश्नच पेपरातून काढून टाकला होता. गिअरही आता डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला, चारचौघांसारखा. "सोपी करून टाकली," ते म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसले. गाडी घरी उस्तादनं आणली.

पुढे बरेच दिवस सैद्धांतिक भाग चालला. गाडीसोबत आलेली पुस्तिका नानांनी लाल शाईनं अधोरेखित केली. दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. संध्याकाळी ओट्यावर आमचा वर्ग भरू लागला: चार स्ट्रोक कोणते, क्लच म्हणजे काय, पुढचा ब्रेक जास्त काम का करतो. आमच्या गल्लीतली भाजीवालीसुद्धा टॉर्क म्हणू लागली. प्रात्यक्षिक अंगणात, डबल स्टँडवर. मागचं चाक अधांतरी, नाना वर ताठ बसलेले, गॉगल लावलेला. डबल स्टँडवर नाना पाचव्या गिअरपर्यंत पोचले. कधी कधी गाडी सेल्फ मारूनही चालू व्हायची नाही, तेव्हा नाना बॅटरीचा इतिहास सांगायचे. उजव्या हाताशी इंजिन बंद करायचं बटण असतं आणि ते बंदवर राहिलंय, हे शेजारच्या सातवीतल्या पोरीनं दाखवून दिलं. नानांनी तिला शाबासकी दिली. "मी बघत होतो, कुणाच्या लक्षात येतं का."

लायसनचा प्रश्नच नव्हता. बऱ्हाणपूर जिल्हा झाला २००३ मध्ये. त्याआधी सगळं खंडव्याला. तिथे चेतकवर काढलेलं नानांचं लायसन गिअरच्या मोटारसायकलचं होतं, वेळेवर नूतनीकरण केलेलं, आणि आपल्या कायद्याला गिअरची एकच मोटारसायकल माहीत आहे. चेतक काय, बुलेट काय, हजार सीसीचं धूड काय, कागद तोच. जपानात चारशे सीसीच्या वर गेलात की लायसन निराळं. त्याच्या परीक्षेत पंधरा मीटर लांब आणि जेमतेम तीस सेंटिमीटर रुंद अशा फळीवरून गाडी न्यावी लागते, तीही दहा सेकंदांच्या आत पोचायचं नाही अशी. लवकर पोचलात तर मार्क कापतात. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे हळू चालवणं हेच कौशल्य. मी तर चालवतच नाही."

उस्तादचं दुकान इतवारा दरवाजाच्या बाजूला. तीन पोरं हाताखाली, भिंतीवर तेलाचे हात, आणि दुपारपर्यंत बाहेर गाड्यांची रांग. पोरं त्याला उस्ताद म्हणतात, गिऱ्हाईक उस्ताद म्हणतं, त्याची बायकोही फोनवर उस्ताद म्हणते असं पोरं सांगतात. हा माणूस नववीत नानांच्या वर्गात होता. सामाजिक विज्ञानात त्याला शंभरपैकी एकतीस पडले. तेहतीसला पास. मुख्याध्यापकांनी विचारलं, द्यायचे का दोन? नाना म्हणाले, इतिहासात ग्रेस नसते. पोरगा मामाच्या गॅरेजवर गेला तो तिथेच राहिला. आज नानांच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्यांपेक्षा त्याची कमाई बरी आहे आणि त्या दोन मार्कांचं नाव त्यानं कधी काढलं नव्हतं. नानांना तो 'सर' म्हणतो आणि त्यांच्यापुढे पान थुंकून येतो.

शिकवणी मंडीच्या आवारात. दुपारी केळीचा लिलाव आटोपला, ट्रक लागले, गर्दी ओसरली की मोकळी फरशी मिळते. मोकळी म्हणजे केळीचा पाला सोडून. ओल्या पाल्यावर बुलेटचं मागचं चाक गेलं तर काय होतं हे नानांनी पहिल्याच दिवशी सोदाहरण स्पष्ट केलं.

उस्तादची पद्धत अशी की पहिले काही दिवस एक्सीलरेटरला हातच लावायचा नाही. "रेस मत दो सर. सिर्फ क्लच." ही गाडी खालच्या आवाजातच ताकद देते, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये नुसता क्लच हळूहळू सोडला तरी चालायला लागते. पण सोडायचा म्हणजे किती? तिथेच सगळी गंमत. डाव्या हाताची बोटं लिव्हरवर. लिव्हर पुरता आत. मग बोटं ढिली करत यायची, थोडी, अजून थोडी, आणि एका जागी इंजिनचा आवाज जड होतो. गाडी पुढे गेलेली नसते, पण जायचं म्हणत असते. सीटखालून ते कळतं, पायाच्या तळव्यांना कळतं. बोटं तिथेच थांबवायची. तोच हाफ क्लच. गर्दीत, वळणावर, चढावर, गुरांच्या कळपात या गाडीचं सगळं ओझं त्या बोटभर जागेत पेललं जातं. ती जागा सापडली नाही तर दोनशे किलो तुमच्या अंगावर, आणि सापडली तर तीच गाडी दोन बोटांवर फिरते.

नानांना ती जागा सापडेना. नानांच्या जगात उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक. ते क्लच धरायचे नाहीतर सोडायचे. सोडला की गाडी एक उडी मारून बंद. "सर, आधा." "अर्धाच सोडला." "सर, वो पूरा था." वर जुनी सवय. अडचण आली की डावं मनगट आपोआप पिळलं जायचं. चेतकवर पिळलं की गिअर पडायचा. बुलेटच्या डाव्या मुठीत पिळण्यासारखं काही नाही. नाना भर आवारात, समोर ट्रक आलेला, आणि रिकामी मूठ पिळतायत.

हाफ क्लच शेवटी काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, शिकवला, तोही मंडीत न जाता. रात्री जेवताना नाना सांगत होते की ही गोष्ट शब्दांत मांडणंच अशक्य आहे. काकू ताक घुसळता घुसळता म्हणाल्या, "अहो, दूध वर यायला लागलं की आपण गॅस बंद नाही करत. बारीक करतो आणि उभं राहतो." नाना गप्प झाले. दुसऱ्या दिवशी गाडी मंडीभर फिरली, माणूस चालतो त्या वेगानं, एकदाही बंद न पडता. उस्तादनं विचारलं, "सर, आज कैसे?" नाना म्हणाले, "वाचन."

इथून पुढे नाना रस्त्यावर आले आणि पडण्याचं ऐतिहासिक पर्व सुरू झालं.

मंडीत न पडणारे नाना गावात का पडतात याचा उस्तादनं अभ्यास केला. तो आपल्या गाडीवर मागे मागे राहून बघायचा. सिंधीपुऱ्यातून नाना नीट जातात. बाजारातून नीट जातात. हातगाड्या, रिक्षा, लग्नाची वरात, सगळ्यांतून हाफ क्लचवर निघतात. आणि शनवारा आला की आडवे. शेवटी एका संध्याकाळी जामा मशिदीसमोरून नाना आणि गाडी उचलल्यावर त्यानं निदान केलं. "सर, आप पढ़ते हो."

"काय वाचतो?"

"जो भी दिखे. गाड़ी वहीं जाती है जहाँ आदमी देखता है. आप मस्जिद देखते हो, गाड़ी मस्जिद जाती है. फिर आप डर के अगला ब्रेक मारते हो, हँडल मुडा हुआ, खलास."

शंभर टक्के खरं. दुचाकीचा पहिला नियमच तो. नजर खड्ड्यावर ठेवलीत की चाक खड्ड्यात, नजर वाटेवर ठेवलीत की चाक वाटेवर. त्यात हँडल वळलेलं असताना, वेग मेलेला असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला की एवढी जड गाडी वळलेल्या बाजूला लोळण घेते, मग पाय कितीही लांब असोत. आणि नानांची नजर? ज्या मशिदीच्या भिंतीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, जिथे पिढ्यान् पिढ्या पोरं सहलीला नेली, तिच्यासमोरून तो माणूस नाकासमोर बघत जाईल? मान वळायची, ओठ हलायचे, सालं यायची, आणि तेवढ्यात गाडी ठेवलेली असायची.

उचलायला माणसं कमी पडली नाहीत. उलट जास्त झाली. या गावात चाळिशीच्या आतबाहेरचा निम्मा पुरुषवर्ग नानांच्या हाताखालून गेलाय. नाना पडले की दुकानांतून बॅचच्या बॅच धावत यायच्या. शनवाऱ्याला अठ्ठ्याण्णवची बॅच, किल्ल्यापाशी दोन हजार चारची. "सर को उठाओ!" "पहले गाड़ी उठाओ, सर उसी के नीचे हैं!" नाना लेगगार्डच्या कृपेनं सुखरूप असायचे आणि खालूनच वर्ग घ्यायचे. "ओढू नका रे, पाठ जाईल. गाडीकडे पाठ करा. बूड सीटला टेकवा. एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांड्याला. आता पाठीनं नाही, पायांनी रेटा, मागे मागे चालत. उजवीकडे पडलीय, तेव्हा आधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर पलीकडे जाईल." हे सगळं बरोबर होतं. जगभर असंच शिकवतात. गावातल्या निम्म्या लोकांना आज पडलेली बुलेट शास्त्रशुद्ध उचलता येते ती नानांमुळे. गाडी उभी राहिली की नाना उचलणाऱ्याकडे बघायचे. "तू अठ्ठ्याण्णवचा ना? तिसरा बाक, खिडकीशी. वडील कसे आहेत?"

नवरात्रात इच्छापूरला देवीला जायचं ठरलं. वीस-पंचवीस किलोमीटर, महाराष्ट्राच्या हद्दीशी. नानांनी काकूंना मागे बसायचा आग्रह केला, कायद्यानं साडीगार्ड असतं, धरायला दांडा असतो, सगळं समजावलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी बसनं येते." काकूंनी दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, डोंगर उतरून खाली आल्या, तेव्हा नाना पोचत होते. रस्त्यात काही झालं का, हे त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. गाडीचा डावा आरसा मात्र आकाशाकडे बघत होता. परत येताना दोघंही बसनं आले आणि गाडी उस्ताद घेऊन आला.

नानांना जायचं होतं ते असीरगडला. सातपुड्याचा घाट, वर किल्ला, ज्याला सगळे दख्खनचा दरवाजा म्हणत आले तो. अकबराला हा किल्ला घ्यायला किती महिने लागले, शेवटी १६०१ च्या जानेवारीत तो कसा हाती आला, तोफांनी की थैल्यांनी, यावर नानांचे स्वतःचे तीन तास आहेत. उस्तादनं अट घातली. हायवेवर केळीचे आणि सिमेंटचे ट्रक असतात, आधी परीक्षा. मंडीच्या फरशीवर त्यानं चुन्याच्या फक्कीनं आठचा आकडा काढला, आरटीओत काढतात तसा, पण जरा आखूड. पाय न टेकता दोन फेऱ्या.

परीक्षेला आम्ही सगळे हजर होतो. दुकानातली तिन्ही पोरं दुकान टाकून आली. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला लाल पेन, सवयीनं. पहिल्या फेरीत पहिला गोळा सुरेख गेला, नजर पुढे, बोटं जागेवर, मागच्या ब्रेकवर उजवा पाय हलका. दुसऱ्या गोळ्यात एक पाय टेकला. दुसरी फेरी जवळजवळ पूर्ण झाली आणि अगदी शेवटी, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात असताना, परत एकदा. नाना थांबले. इंजिन बंद केलं. मंडीत तेवढ्यापुरतं कुणी बोलेना.

उस्तादनं जबड्यातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "दो बार पाँव लगा सर. दो नंबर कम. दे देता हूँ, ग्रेस."

नानांनी वर बघितलं. चष्मा पुसला. "नियमात बसतं का?"

"मैदान मंडी का, गाड़ी आपकी, चूना मेरा. नियम किसका?"

नाना बराच वेळ त्या आठच्या आकड्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस तत्त्वासाठी फेरपरीक्षा मागणार. पण असीरगड समोर होता, आणि तत्त्वं चाळीस वर्षं सांभाळलेली असली तरी घाट आणखी थांबायला तयार नव्हता. नाना म्हणाले, "अपवाद म्हणून."

पुढच्या रविवारी पहाटे निघाले. नाना पुढे, उस्ताद मागे, त्याच्यामागे दोन पोरं एका गाडीवर आणि मी एकाच्या मागे. नाना चाळीसच्या वर गेले नाहीत, पण पडलेही नाहीत. ट्रकला वाट दिली, घाटात दुसऱ्या गिअरवर आले, वळणं कापली नाहीत. मान एकदाही हलली नाही. वळणावरून किल्ला दिसायला लागला, तटबंदी उन्हात आली, पोरांनी मोबाइल काढले, आणि नाना नाकासमोर बघत फाटा ओलांडून थेट खंडव्याच्या दिशेनं निघून गेले.

उस्तादनं हॉर्न वाजवून वाजवून त्यांना पुढे बऱ्याच अंतरावर गाठलं. नाना रस्त्याच्या कडेला उभे होते, कारण चाळीसच्या वेगातल्या रस्त्यावर वळून परत कसं यायचं हे अजून शिकवलं नव्हतं. "किल्ला गेला?" त्यांनी विचारलं. "आपने देखा नहीं?" "तूच म्हणालास, बघू नका."

गाडी उस्तादनं वळवून दिली. मग पायथ्याच्या टपरीवर चहा झाला. नाना खुशीत होते, बाकड्यावर पाय पसरून, हेल्मेट मांडीवर. अश्वत्थामा अजून वरच्या महादेवाला पहाटे फूल वाहून जातो म्हणतात, ती दंतकथा त्यांनी टपरीवाल्याला सांगितली. ती त्यालाच पाठ होती, पण त्यानं ऐकली. बशी खाली ठेवून उस्ताद म्हणाला, "सर, एक बात पूछूँ?"

"विचार ना."

"मैंने आपको दो नंबर दिए. तो मेरे वो दो?"

नाना उठले. खिसे चाचपून किल्ली शोधली. "ते बोर्डाच्या हातात असतं."

"नौवीं लोकल थी, सर. कॉपी आपने जाँची थी."

नाना गाडीवर बसले, हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली, आणि इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही अशी हातानं खूण केली. गाडी अजून चालू केलेली नव्हती.